लंगडी घालणारी नक्षी

आधी घरातला एक कंगवा घेऊन या बरं. आत्ताच! तोवर मी थांबते.

आणलात? आता जुन्या वहीचं एक पान फाडून त्याचे बारीक बारीक कपटे करा. कंगवा प्लास्टिकचा असेल तर तो कोरड्या केसांतून दहा-बारा वेळा भराभरा फिरवा आणि कपट्यांजवळ न्या. कपटे टुणटुण उड्या मारत कंगव्याला जाऊन चिकटतील. पावसाळ्यात हा खेळ नीट जमत नाही, थंडीच्या दिवसांत मात्र झकास रंगतो. आता आजीकडे लाकडाची फणी असली तर तिच्याशी हेच करून बघा. कपटे ढिम्म हलायचे नाहीत. हललाच तर एखादा.

असं का होतं? केसांवर घासताना कंगव्यावर विजेचा भार जमतो. प्लास्टिक त्या भाराला जागचं हलू देत नाही, म्हणून तो तिथंच साठतो आणि हलक्याफुलक्या कपट्यांना ओढून घेतो. लाकडाचं तसं नाही. ते वाळलेलं दिसलं तरी हवेतला थोडासा ओलावा पोटात धरून असतं. त्या ओलाव्याच्या वाटेनं भार हळूच आपल्या हातात निसटून जातो. म्हणूनच हिवाळ्यात प्लास्टिकच्या कंगव्यानं केस साळिंदरासारखे उभे राहतात आणि लाकडी फणीनं शहाण्यासारखे बसतात.

पण कंगवा आणायला सांगितला तो एवढ्यासाठी नाही. मला तुम्हाला एका फणीची ओळख करून द्यायची आहे.

माझ्या टेबलावर एक लाकडी फणी असते. आदिवासी हस्तकलेच्या प्रदर्शनातून आणलेली, माडिया गोंड लोकांच्या पद्धतीची. पहिल्यांदा पाहिली तेव्हा वाटलं, हिचं काहीतरी चुकलंय. दात एवढुस्से आणि वरचं कपाळ हे एवढं मोठं! आणि त्या कपाळभर नुसती नक्षी. सगळ्यात वर त्रिकोणांची रांग, तिच्याखाली नागमोडी रेघ, मग ओळीनं मांडलेले शंकरपाळे, मग पुन्हा त्रिकोण.

मोठ्या कपाळाचं कारण मला नंतर कळलं. केस विंचरले आणि फणी कोनाड्यात टाकली, असं या फणीचं नसतं. ती केसांत खोचून मिरवायची असते. खोचली की दात केसांत बुडून जातात, वर राहतं ते कपाळ. मग सजवायचं काय? जे चारचौघांना दिसणार ते!

आता महाराष्ट्राचा नकाशा काढा आणि बोट अगदी पूर्वेच्या कडेला न्या. तिथं चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जंगलांचे जिल्हे शेजारी शेजारी आहेत. १९८२ सालापर्यंत ते एकच होते, त्या वर्षीच्या २६ ऑगस्टला गडचिरोलीचं घर वेगळं झालं. गडचिरोलीत बोट खाली सरकवत गेलात की भामरागड लागेल. इथं पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती अशा तीन नद्या एकमेकींना भेटतात. इंद्रावतीच्या पलीकडे छत्तीसगडचं बस्तर. नदी मध्ये असली तरी दोन्ही काठांवरची माणसं नात्यातली. इकडे माडिया, तिकडे माडिया आणि मुरिया, सगळी गोंड. त्यांच्या बोलीत वाघाला म्हणतात पुल्ली आणि माशाला म्हणतात मीन. तेलुगूत वाघ म्हणजे पुली, तमिळमध्ये मासा म्हणजे मीन! गोंडी ही तमिळ-तेलुगूच्या घराण्यातली भाषा आहे ना, म्हणून. भामरागडच्या नदीतला मासा आणि चेन्नईच्या समुद्रातला मासा, दोघांनाही एकाच नावानं हाक मारता येईल.

या गावांमध्ये गोटुल असतं. गोटुल म्हणजे गावाची एकत्र जमायची जागा. पूर्वी संध्याकाळी गावातली तरुण मुलं-मुली तिथं जमायची, गाणी म्हणायची, नाचायची, मोठ्यांकडून कामं आणि कथा शिकायची. व्हेरिअर एल्विन नावाचे अभ्यासक इंग्लंडमधून भारतात आले आणि इथलेच होऊन राहिले. बस्तरच्या मुरियांच्या गोटुलवर त्यांनी १९४७ साली एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. तिथले मुलगे हातानं फण्या कोरत आणि आवडत्या मैत्रिणीला भेट देत. जितकी नक्षी बारीक तितकी मेहनत जास्त, आणि ती मेहनत मैत्रिणीच्या केसांत सगळ्या गावाला दिसणार! मला हे फार आवडतं. दुकानातून विकत आणलेल्या फणीत हे कुठून येणार?

फणीवर काहीतरी कोरायची हौस माणसाला किती जुनी आहे माहीत आहे? इस्राएल देशात लाखिश नावाच्या प्राचीन गावाच्या उत्खननात २०१६ साली एक हस्तिदंती फणी सापडली. आगपेटीपेक्षाही लहान. तिच्यावर काही ओरखडे होते, पण ती अक्षरं आहेत हे बरंच उशिरा लक्षात आलं. २०२२ साली ती वाचून झाली. सतरा इवलीशी अक्षरं, सुमारे ३७०० वर्षांपूर्वीची. मजकूर काय असेल? राजाचं नाव? देवाची प्रार्थना? छे! या सुळ्यानं केसांतल्या आणि दाढीतल्या उवा निघून जावोत, अशा अर्थाची इच्छा. दाढीतल्यासुद्धा!

चला, पुन्हा आपल्या फणीकडे. तिचे दात वरून खाली आहेत, आणि लाकडातल्या बारीक रेघाही वरून खालीच आहेत. हा योगायोग नाही. आइस्क्रीमची लाकडी काडी घ्या. नखानं टोकाला चीर पाडून उभी फाडलीत तर ती सरळ फाटत जाते. आडवी फाडायचा प्रयत्न करा. जमणारच नाही, कात्री आणावी लागेल. लाकूड म्हणजे लांब लांब तंतूंची जुडी, शेवयांच्या पुड्यासारखी. तंतू सेल्युलोजचे, आणि त्यांना एकमेकांना घट्ट धरून ठेवणारा लिग्निन नावाचा चिकट पदार्थ. तंतू तोडायला जोर लागतो, एकमेकांपासून सोडवायला मात्र फारसा नाही. म्हणून फणी करणारा आधी लाकूड हातात फिरवून तंतूंची दिशा बघतो आणि दात त्याच दिशेनं काढतो. आडवे काढले तर केसांच्या पहिल्याच गुंत्यात कटकन तुटतील.

बांबूचेही असेच तंतू असतात, उलट लाकडापेक्षा जास्त सरळ. चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूरला १९४५ साली स्थापन झालेली कागद गिरणी आहे. तिथं जंगलातल्या बांबूचे तुकडे रसायनांत शिजवून लिग्निन काढून टाकत आणि मोकळ्या झालेल्या तंतूंचा लगदा पसरून कागद करत. तुम्ही मघाशी टराटरा फाडलात ना, तो कागदही तंतूंचाच. एकदा उभा आणि एकदा आडवा फाडून बघा. एका दिशेनं सरळ फाटेल, दुसऱ्या दिशेनं वेडावाकडा. वर्तमानपत्राच्या कागदात तर फार छान कळतं.

आता नक्षीकडे या. एवढे त्रिकोण का? गोल का नाहीत? फुलं का नाहीत? मी बरेच दिवस समजत होते की त्रिकोणाला काहीतरी गूढ अर्थ असणार. मग एकदा लाकडाची फळी घेऊन स्वतः कोरायला बसले आणि दहा मिनिटांत उत्तर हाती आलं.

सुरीचं टोक एकदा इकडून तिरपं रोवायचं, एकदा तिकडून, आणि तिसरा काप पायथ्याशी. टुप्पकन त्रिकोणी ढलपी उडते आणि मागं स्वच्छ खळगा राहतो. तीन काप, एक त्रिकोण. लाकूड कुरकुर करत नाही. पण वर्तुळ कोरायला घ्या! सुरी गोल फिरताना काही वेळ तंतूंच्या बाजूनं जाते, काही वेळ त्यांच्या उलट. बाजूनं जाताना घसरून पुढं पळते, उलट जाताना अडते आणि तंतू उपटून काढते. माझं वर्तुळ कुरतडलेल्या पोळीसारखं झालं. म्हणजे त्रिकोण निवडला तो एकट्या कोरणाऱ्यानं नाही. अर्धी नक्षी माणसानं काढली, अर्धी लाकडानंच सांगितली. बघा, वाघ, मोर, हत्ती हे सगळे वळणदार प्राणी. लाकडी फणीवर यायचे तर त्यांना आधी सरळ रेघांचे आणि कोपऱ्यांचे व्हावं लागतं.

दगडात अशी अडचण नसते. दगडाला तंतूच नाहीत, छिन्नी कुठूनही कुठंही वळवा. चंद्रपूर शहराभोवती गोंड राजांनी बांधलेला परकोट आहे. त्याला चार मोठे दरवाजे: जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर. शिवाय पाच खिडक्या म्हणजे छोटे दरवाजे आहेत, त्यातल्या एकीचं तर नावच चोर खिडकी! दरवाजांवर गोंड राजांचं चिन्ह कोरलेलं आहे, हत्तीवर चढून बसलेला सिंह. त्याची आयाळ, हत्तीची सोंड, वळलेली शेपटी, सगळं कसं गोलाईदार. चंद्रपूरला गेलात तर जटपुरा गेटखालून नुसतं घाईनं जाऊ नका, वर मान करून बघा. तिथले लोक त्याला गेटच म्हणतात.

राजाचं चिन्ह दरवाजावर असतं. साध्या घरांचंही चिन्ह असतं, फक्त ते शोधायला आडनावात डोकवावं लागतं. तुमच्या वर्गात कुणी टेकाम किंवा मरकाम आहे का? चंद्रपूर-गडचिरोलीच्या शाळांमध्ये तर हमखास असणार. गोंडीत टेका म्हणजे साग आणि मरका म्हणजे आंबा. गोंडांमध्ये कुळाचं नातं एखाद्या झाडाशी किंवा प्राण्याशी असतं आणि त्या कुळातली माणसं परंपरेनं त्याचा मान राखतात. हजेरी घेताना गुरुजी टेकाम, मरकाम अशी नावं पुकारतात तेव्हा खरं म्हणजे ते अर्धं जंगलच पुकारत असतात!

आता सुरी ठेवून देऊ आणि चूल पेटवू.

बांबू कधी चाकूनं खरवडून पाहिलात का? वरची साल अशी काही गुळगुळीत आणि टणक की चाकू सटकतो. त्या सालीत सिलिका असते. वाळूत असते तीच. बांबू हे मुळात गवत, गहू-तांदळाचा भला दांडगा भाऊ, आणि गवतांना जमिनीतून सिलिका शोषून सालीत भरायची सवयच आहे. गवताच्या पातीनं बोट कापतं ते काही उगाच नाही. मग अशा सालीवर नक्षी काढायची कशी? जाळून! लोखंडाची सळई किंवा पातं निखाऱ्यात तापवायचं आणि बांबूवर टेकवायचं. सुर्रर्र... धूर येतो, खमंग जळका वास येतो आणि तपकिरी रेघ उमटते.

ही रेघ म्हणजे रंग नव्हे, हे लक्षात घ्या. रंग वरून लावलेला असतो. इथं बांबूच बदललेला असतो. दोनशे अंश सेल्सिअसच्या पुढं गेलं की बांबूतले पदार्थ मोडायला लागतात, त्यातलं पाणी आणि वायू उडून जातात आणि कार्बन मागं राहायला लागतो. थोडं तापवलं तर मधासारखा तपकिरी, आणखी तापवलं तर चॉकलेटी, मग काळा कोळसा. भाकरीवरचे काळे डाग आठवा. ही रेघ साबणानं धुतली जात नाही, घामानं विरघळत नाही. कोळशाला कीड खात नाही की बुरशीही. हजारो वर्षांपूर्वीच्या चुलींतला कोळसा उत्खननात अजून सापडतो, तो त्यामुळेच. सळईचा हात किती वेळ टेकवायचा, कधी उचलायचा, हे मात्र घड्याळ लावून नाही ठरवता येत. धुराकडे बघून कळायला लागतं म्हणे, आणि त्याला वर्षं लागतात.

इंद्रावतीपलीकडे नारायणपूरच्या बाजूला अशी जळकी नक्षी काढलेली बांबूची एक बासरी करतात. ती तोंडाला लावायची नाहीच! हातात धरून हवेत गरागरा फिरवायची, की हूंऽऽ हूंऽऽ असा आवाज येतो. हवा बासरीत शिरायच्या ऐवजी बासरीच हवेत शिरते. भोकाच्या कडेवरून वारा जाताना आतली हवा थरथरते आणि आवाज होतो. रानातून जाताना ही बासरी फिरवत चालायचं, म्हणजे चालताना सोबत होते आणि जनावरांनाही कळतं की कुणीतरी येतंय. जळकी नक्षी इथं आणखी एक काम करते. घामेजलेल्या हातातून गुळगुळीत बांबू निसटतो, नक्षीच्या खाचांमुळे पकड बसते.

भोपळ्यावरही तापल्या सुरीनं अशीच नक्षी काढतात. हा आपला दुधी भोपळा, वेलावरच पूर्ण पिकू दिला की त्याची साल लाकडासारखी कडक होते. आतला गर काढून टाकला की पाणी न्यायला, पेज न्यायला फुकटातली बाटली तयार. जंगलात कामाला जाताना हा तुंबा खांद्याला अडकवायचा. आणि हा भोपळा मोठा प्रवासी बरं का! तो मूळचा आफ्रिकेचा. कोलंबसाच्या कितीतरी हजार वर्षं आधी तो अमेरिकेत पोहोचला होता. कोणी नेला? २०१४ साली शास्त्रज्ञांनी जुन्या भोपळ्यांच्या डीएनएचा अभ्यास करून सांगितलं, बहुधा कुणीच नाही. सालीचं बंद होडकं करून तो स्वतःच अटलांटिक महासागर तरंगत पार करून गेला, आत बिया सुरक्षित! माणसानं त्याची बाटली केली त्याच्या आधी त्यानं स्वतःची होडी केली होती.

लाकडाला सुरीनं त्रिकोण शिकवले, बांबूच्या सालीला आगीनं रेघा शिकवल्या. आणि विणणाऱ्याला कोणी शिकवलं? त्याच्या बोटांना मोजणीनं शिकवलं. बुरड मंडळी बांबूच्या कामट्या काढून सूप, टोपल्या, परडे विणतात. घरातलं सूप उलटं करून बघा. एक कामटी वर, एक खाली, एक वर, एक खाली अशी विणली की बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटी दिसतात. दोन वर, दोन खाली अशी विणली आणि दर ओळीला एकेक घर पुढं सरकवलं, की तिरप्या रेघा आपोआप उमटतात. मधूनच सरकण्याची दिशा उलटी केली की झाली नागमोडी! चित्र काढलंच नाही, फक्त मोजलं. वर म्हणजे १, खाली म्हणजे ०. संगणकही पडद्यावरचं चित्र असंच साठवतो, नुसत्या १ आणि ० मध्ये. मण्यांच्या माळांचंही तेच. एकेक मणी म्हणजे पडद्यावरचा एकेक ठिपका. म्हणून मण्यांच्या पट्ट्यात गोल काढायला गेलं की त्याला पायऱ्या पडतात, अगदी जुन्या व्हिडिओ गेममधल्या चेंडूसारख्या.

आता चंद्रपूरकडे बांबूच्या राख्या होतात, कानातले होतात, मोबाइल उभा करायचे स्टँड होतात. चिचपल्लीला तर बांबूचं संशोधन आणि प्रशिक्षण देणारं केंद्रच आहे. कामट्या तशाच, खाचा तशाच, वस्तू नव्या. कानातलं बांबूचं असलं की वजन लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा. एवढा मोठा झुमका सोन्याचा घातला तर कान दुखून येतील.

आणि आता या सगळ्यातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट. ती सांगण्यासाठीच खरं तर मी हे एवढं लिहायला बसले.

फणीच्या कपाळावर, टोपलीच्या काठावर, बांबूभोवती, साडीच्या किनारीवर नक्षी कशी असते? एका पट्टीत. एकच आकार पुन्हा पुन्हा मांडत पुढं पुढं जातो. आकार हवे तेवढे घेता येतील: त्रिकोण, मासा, पान, तुमच्या नावाचं पहिलं अक्षर. पण तो आकार पट्टीवर पुन्हा मांडण्याच्या तऱ्हा किती असतील? पन्नास? शंभर?

फक्त सात!

आठवी नाहीच. भामरागडच्या कारागिराला सापडणार नाही, जपानच्या नाही, आफ्रिकेच्या नाही, आणि तुम्हालाही नाही. हे गणितानं सिद्ध झालेलं आहे. जॉन कॉनवे नावाचे एक मोठे गणिती होऊन गेले, १९३७ ते २०२० हा त्यांचा काळ. खेळांवर त्यांचं फार प्रेम. त्यांनी या सात तऱ्हांना पावलांच्या ठशांवरून नावं दिली. ती नावं इंग्रजीत आहेत, पण पहिलं वाचलं आणि मी खुर्चीतच उडी मारली. कारण त्याला मराठीत अस्सल शब्द आहे: लंगडी!

पाय ओले करा आणि अंगणात या. अंगण नसेल तर गच्चीवर.

एका पायावर लंगडी घालत सरळ जा. मागं वळून बघा. सगळे ठसे उजव्याच पायाचे, सगळे एकाच दिशेला. ही पहिली तऱ्हा. एकापाठोपाठ चाललेल्या, एकाच बाजूला तोंड असलेल्या मोरांची रांग काढलीत तर ती लंगडी. आता साधं चालत जा. डावा, उजवा, डावा, उजवा. एक ठसा या बाजूला, पुढचा त्या बाजूला उलटा होऊन. ही चाल. बांबूच्या डहाळीवर पानं अशीच येतात, एक इकडे, एक तिकडे. दोन्ही पाय जोडून बेडूकउड्या मारा: डावा-उजवा शेजारी शेजारी, मधोमध जणू लांबच लांब आरसा ठेवलाय. ही जोडउडी. बाणाच्या टोकांची रांग अशी असते, वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याचं प्रतिबिंब.

आता भिंतीकडे तोंड करा आणि खेकड्यासारखं आडवं सरकत जा. ही सरक. गडचिरोलीत रेला नाचताना हातात हात गुंफून, ओळ धरून असंच बाजूला पाऊल टाकत जातात. धुळीत उमटणारी ती पावलं आणि फणीवरच्या त्रिकोणांची रांग यांची तऱ्हा एकच! दोन्हींत आरसा उभा ठेवता येतो. त्रिकोणाच्या बरोबर मध्ये ठेवा, डावी बाजू उजवीसारखी दिसेल.

उरल्या तीन. त्यात गिरकी आहे. लंगडी घाला, पण दर उडीला अर्धी गिरकी घ्या, म्हणजे तोंड एकदा पुढं, एकदा मागं. ही गिरकी-लंगडी. सुपावरच्या तिरप्या रेघांची रांग आठवा. आरसा ठेवला तर रेघा उलट्या दिसतील, पण पुस्तकच उलटं धरलंत तर रेघा होत्या तशाच! आडवं सरकताना मधूनमधून अर्धी गिरकी घेतलीत की गिरकी-सरक, आणि ती म्हणजे आपली नागमोडी रेघ. जोडउडीत अर्धी गिरकी घेतलीत की गिरकी-उडी, आणि ती म्हणजे शंकरपाळे. शंकरपाळ्याला उभा आरसा लावा, आडवा लावा, उलटा करा, तो बदलतच नाही.

यांची सरमिसळ करून आठवी का नाही काढता येत? करून बघा. समजा तुम्ही ठरवलंत, माझ्या नक्षीत उभा आरसाही चालेल आणि आडवाही चालेल, पण गिरकी मात्र चालायची नाही. कागदावर एक पाऊल काढा. उभ्या आरशात त्याचं प्रतिबिंब काढा, मग त्या प्रतिबिंबाचं आडव्या आरशात प्रतिबिंब काढा. शेवटचं पाऊल बघा: ते पहिल्याची अर्धी गिरकी होऊन बसलेलं असेल. तुम्ही बोलावलं नव्हतं तरी गिरकी आलीच! दोन युक्त्या एकत्र आल्या की तिसरी पाठोपाठ येते, म्हणून मोकळ्या जागा उरतच नाहीत. सातावर दार बंद.

फणी कोरणाऱ्यानं कॉनवेचं नाव ऐकलेलं नसतं. पण लाकूड हातात घेऊन पट्टी भरायला लागलं की त्याच्या बोटांनाही तीच सात दारं सापडतात. दोन माणसं, एक केंब्रिजमध्ये शिकलेला, एक गोटुलच्या ओसरीवर, कधी न भेटता एकाच अंगणात येऊन पोहोचतात. या विचारानं मला अजून कसं तरी छान होतं.

हे कळल्यापासून मला शोधायचा नादच लागला आहे. खिशात छोटा आरसा आणि पातळ कागदाचा तुकडा असतो. आरसा लावून बघायचा, कागदावर नक्षी गिरवून तो उलटा फिरवून बघायचा. माझ्या फणीवर सरक, गिरकी-सरक आणि गिरकी-उडी अशा तीन निघाल्या. सुपावर गिरकी-लंगडी मिळाली. बांबूच्या एका पेन ठेवायच्या नळकांड्यावर बाणांची जळकी रांग होती, ती जोडउडी. चाल बांबूच्या डहाळीनंच दिली. सहा झाल्या. लंगडी काही मिळेना. सगळ्यात सोपी तीच, आणि तीच हुलकावणी देत होती. फणीवर नाही, टोपलीवर नाही, माळेत नाही.

परवा दुपारी शेजारच्या घरची धाकटी हौदात पाय बुडवून आमच्या तापलेल्या गच्चीवर आली आणि चटके बसतात म्हणून एका पायावर उड्या मारत पार दुसऱ्या कठड्यापर्यंत गेली. मी फणी हातात घेऊन तिथंच उभी होते. एक, दोन, तीन... अकरा ठसे, सगळे उजव्या पायाचे. मी मोजत गेले तसा पहिला वाळून दिसेनासा झाला. अकरावा अजून चकचकीत ओला होता.